कोरलवर चालवलेली कात्री

मांडवी, रत्नागिरी

चि. धम्मदीप यास भिकू भावजींचा सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? करुणाला सांग, तिने पाठवलेलं तेल पोचलं. रोज तुझ्या ताईच्या हाताला चोळतो. हाताला अजून फरक नाही, पण वास असा जबर आहे की शेजारची मांजरं आमच्या दारात यायची बंद झाली. बाकी इकडे सगळे जिवंत आहोत. सगळे म्हणजे माणसं. जे जिवंत राहिले नाहीत त्यांच्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

अभय कतारला जाताना ती भलीमोठी काचेची टाकी माझ्या गळ्यात घालून गेला, हे तुला ठाऊक आहे. तुझी समजूत अशी की तीत मासे आहेत. मासे दोनच, तेही आळशी. खरा पसारा कोरलचा, म्हणजे प्रवाळांचा. दगडासारखी कडक नव्हेत, मऊ जातीची, पाण्यात डोलणारी. (ही झाडं नसून प्राणी आहेत असं अभय सांगतो. मी पोराच्या शब्दावर विसंबून आहे.) त्यातलं एक 'लेदर' नावाचं, वारुळावरच्या अळंबीसारखं, पण जेवायच्या ताटाएवढं. त्याच्या शेजारी 'झेनिया'. फिकट गुलाबी देठांवर बारीक पंजे, आणि ते पंजे दिवसभर उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मी मुंबईहून मिठाच्या पिशव्या मागवून गाळलेल्या पाण्यात कालवतो, यावरून अख्खी आळी मला वेडा म्हणते. (किनाऱ्याचं पाणी पावसात चहासारखं होतं, वर बोटींचं डिझेल. पण हे सांगायचं कुणाला?) शेजारच्या यमुनाबाई एकदा काचेला नाक लावून म्हणाल्या, "ह्याचं सुकं करतात की कालवण?" दोन्ही करत नाहीत म्हटल्यावर त्यांचा जीवशास्त्रातला रस संपला.

तुझ्या ताईचा मात्र संपला नाही. झटका आल्यापासून वाचा गेली आहे आणि उजवा हात लाकूड झाला आहे, ते तू दवाखान्यात पाहिलंसच. सानवी म्हणून एक मुलगी व्यायाम करून घ्यायला येते. गुणी आहे. हातात रबरी चेंडू देऊन "काकू, दाबा" म्हणते. काकू चेंडूकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण टाकीसमोर तिची चाकांची खुर्ची नेली की कमला त्या झेनियाच्या तालावर डावा हात उघडायची, मिटायची. आणि एका सकाळी मी पाहिलं, मांडीवर पडलेल्या उजव्या हाताची करंगळीही हलत होती. जरा, पण हलत होती. सानवीला दाखवलं तर तिचे डोळेच भरून आले. म्हणाली, "काका, काही करा, पण हे बंद पडू देऊ नका." मी छाती पुढे काढून शब्द दिला.

इकडे लेदर वाढतच होतं. त्याच्या छत्रीखाली झेनियाला उजेड मिळेना, ती किडकिडीत व्हायला लागली. शिवाय ही कोरलं मुकाट बसल्यासारखी दिसली तरी पाण्यातून एकमेकांवर विष सोडतात म्हणे. (आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेत बसलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.) अभयने फोनवर सांगितलं, "बाबा, वरची टोपी छाटा. घाबरू नका, परत वाढते. फक्त खालच्या दगडासकट बाहेर काढून छाटा. तुकडा वेगळ्या खाऱ्या पाण्यात धुवा, छोट्या दगडाला रबराने बांधा, आणि विष शोषायला फिल्टरमध्ये ताजा कोळसा घाला." मी हातमोजे चढवले, कमलाची शिवणाची कात्री उकळून घेतली आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. दगड हलेना. बाजूचे चार दगड त्याला धरून बसले होते. म्हटलं, एवढ्यासाठी कुठे घर पाडायचं? आतल्या आतच कापतो.

कापलं. कात्री इतकी सहज गेली की मला माझा अभिमान वाटला. मग त्या कापापासून दुधासारखा बुळबुळीत रस निघाला आणि धुरासारखा पसरत गेला. कोळशाची पुडी कपाटात होती, ती शोधेपर्यंत मासे कोपऱ्यात जाऊन वर तोंड करून उभे. लेदरचं उरलेलं खोड आक्रसलं. झेनियाचे पंजे मिटले ते उघडलेच नाहीत. मी बादल्यांनी पाणी बदललं, कोळसा ओतला, हवेचा पंप लावला. संध्याकाळपर्यंत झेनियाचा राखाडी चिखल झाला होता आणि खोलीत कुजल्या कालवांचा वास. अभय म्हणाला, "बाबा, ती गेली. काढून टाका, नाहीतर बाकीचंही जाईल." मी नळी लावून ती ओढून काढली. बादलीत मूठभरसुद्धा भरली नाही.

हे सगळं कमला समोर बसून बघत होती. मी म्हटलं, "झोपली आहेत गं." (चाळीस वर्षांच्या संसारात याहून मूर्ख वाक्य मी बोललो असेन, आठवत नाही.) तिने बऱ्या पायाने जमिनीला रेटा देऊन खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मग पेज नाही, पाणी नाही. सानवीने हात धरला तर तो धोंड्यासारखा.

तिसऱ्या दिवशी खोडाची कड सडायला लागली, ती कापायला हवी होती. या खेपेला दगड बाहेर काढायचाच म्हणून मी हात घातला. डाव्या हातात कात्री होतीच. इतक्यात मागून आवाज आला, "मेल्या, नको!"

मी दचकून वळलो. खुर्ची फिरलेली होती. कमला काचेच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. तिथे, माझ्या कोपराच्या अगदी खाली, काचेला चिकटून झेनियाचा एक देठ जगला होता. इनमिन तीन पंजे, पण चालू. धम्मदीप, या बाईने आजवर मला 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही. मी कात्री ठेवली आणि तिथेच ओल्या फरशीवर बसून म्हटलं, "परत म्हण." ती म्हणाली. आता तेवढे दोनच शब्द येतात. पाणी हवं असलं तरी मेल्या, पंखा हवा असला तरी मेल्या. पण पेज घेते. करंगळी अजून हललेली नाही. सानवी म्हणते, बघू.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
भिकू भावजी

ता. क. गुडघा खरंच बरा असेल तर महिनाभर रजा काढून इकडे ये. माझ्या हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या आहेत आणि मुंबईला ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. डॉक्टर फार हसरे नव्हते. अभयला कळवलेलं नाही, तो नोकरी सोडून येईल. तुझ्या ताईलाही नाही. फोन केला असता, पण ती कायम समोर असते आणि ऐकू तिला चोख येतं. टाकीचं सगळं तुला शिकवून जाईन.

ता. क. दुसरा. वरचं लिहून चष्मा पुसायला उठलो तेवढ्यात तिने डाव्या हाताने कागद ओढून घेतला. तिला आता वाचता येत नाही असा माझा समज होता. येतं. शेवटपर्यंत वाचलं आणि एक नवा शब्द बोलली, "जा." ऑपरेशनला जा की नजरेसमोरून जा, ते स्पष्ट झालेलं नाही. तू ये.