धक्क्यावरच्या संडासात राहिलेलं पिस्तूल

सौ. लोरेटाताईस,

वेंडेलचा सा. न. वि. वि. इकडे सगळं ठीक. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? आईची तब्येत ठणठणीत आहे, हात मात्र थरथरतात ते थरथरतातच. परवा कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धी कॉफी मांजरावर सांडली. (हे हात लक्षात ठेव, पुढे लागतील.) थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी बुधवारी तिला तुझ्याकडे सोडायला येतोच आहे, पण त्याआधी शनिवारी माझ्यावर काय बाका प्रसंग आला तो ऐक.

आमचं 'उघडं पिस्तूल हक्क मंडळ' तुला ठाऊकच आहे. (तू त्याला रिकामटेकड्यांची फौज म्हणतेस, तेही मला ठाऊक आहे.) आमच्या फ्लोरिडाचा कायदा असा उफराटा की परवाना काढून पिस्तूल शर्टाखाली झाकलंत तर बाजारभर हिंडा, पण तेच कमरेला उघडं लावलंत तर गुन्हेगार! फक्त मासे धरताना, शिकारीला जाताना वगैरे सूट. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा कमरेला पिस्तुलं लावून धक्क्यावर गळ टाकून बसतो नि जगाला दाखवतो की शस्त्र उघडं असलं तरी माणूस सभ्य असतो. मला माशाचा वाससुद्धा सोसत नाही, पण हक्कासाठी माणूस काय काय करतो बघ.

यावेळी भाषण माझं होतं, विषय 'जागरूक नागरिक'. अध्यक्ष हार्लन टीगने पाहुणे बोलावलेले. आईला घरी एकटं ठेववेना, म्हणून बरोबर नेऊन खुर्ची टाकून बसवली. भाषणाच्या धास्तीने माझ्या पोटात कळ आली. धक्क्यावर संडास एकच, कोळंबीच्या टपरीमागे. आता पट्ट्याला पिस्तूल असताना पँट खाली करणं हा केवढा उपद्व्याप असतो, ते तुला काय सांगू! सगळं धाडकन जमिनीवर येतं. म्हणून मी ते काढून फ्लशच्या टाकीवर ठेवलं. भरलेलं. मग हात धुऊन (हे आवर्जून लिहितोय) बाहेर आलो, गळ उचलला. हार्लनने माझं नाव पुकारलं. मी रुबाबात कमरेवर हात ठेवला, तर पट्ट्यावरचं पिस्तुलाचं होल्स्टर रिकामं!

धावत गेलो. दाराला आतून कडी. वळून पाहिलं तर आईची खुर्चीही रिकामी.

"आई, टाकीवर काही असलं तर हात लावू नकोस हं."

"लावलाय," आई आतून म्हणाली.

ताई, चित्र डोळ्यांपुढे आण. त्या बोटांत भरलेलं पिस्तूल, मध्ये पातळ फळी, आणि फळीला चिकटून मी. (बाजूला सरकावं असं मनात आलं, पण सरकलो नाही. खरं सांगायचं तर सरकलो, पण थोडासाच.)

"खाली ठेव बघू."

"कुठे ठेवू? सगळं ओलं आहे. कुठल्या गाढवाने ठेवलंय हे इथे?"

तेवढ्यात शेरीफचा माणूस प्रुएट (आमचे गळ खरंच पाण्यात आहेत ना, हे बघायला तो दर वेळी हजर) नेमका माझ्यामागे रांगेत येऊन उभा. त्याने विचारलं, आत कोण? म्हटलं, आई. बऱ्या आहेत ना? म्हटलं, वय झालंय. आणि आतून 'खट्' झालं. मी डोळे मिटले. देवाशपथ, मला वाटलं संपलं सगळं. तो तिच्या पर्सचा खटका होता.

आई पर्स छातीशी धरून बाहेर आली, प्रुएटला म्हणाली, "जा बाबा, पाणी जरा बेतानेच सोड," आणि खुर्चीत जाऊन बसली. ते भाषण मी कसं केलं माझं मला माहीत. एक हात सतत कमरेवर, रिकामं होल्स्टर झाकायला. मी 'जागरूक' म्हटलं की आई मान डोलवायची आणि पर्सच्या खटक्याशी तिची बोटं चाळा करायची. पर्सचं तोंड बरोबर हार्लनच्या पोटाकडे. टाळ्या मात्र भरपूर पडल्या. हार्लन म्हणाला, तुझ्या आवाजातला कंप काळजाला भिडला.

गाडीत म्हटलं, आई, आता दे. तर म्हणते, "आणि परत कुठे ठेवशील? तुमचं ते उघडं मिरवणं तुम्हालाच लखलाभ. झाकली मूठ सव्वा लाखाची!" तेव्हापासून पर्स उशीखाली. मी हात पुढे केला की तिचा हात पर्समध्ये जातो, आणि हात कसला ते तुला सांगितलंच आहे. ओढाओढ करायची माझी छाती नाही.

असो. भावोजींना नमस्कार, घरातल्या लहानांना पापा.

तुझा धाकटा भाऊ,
वेंडेल

ता. क. आई तुझंच काय ते ऐकते. ती आली की गोडीने पर्स काढून घे. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा फोन म्हटलं की ती स्पीकर लावायला लावते.

आणखी एक. मंडळाने मला या वर्षीचा आदर्श सदस्य म्हणून निवडलंय. होल्स्टरमध्ये सध्या काळं रंगवलेलं पाण्याचं पिस्तूल आहे. कोणालाच कळलेलं नाही.

आणि हे शेवटचं, ज्याच्यासाठी खरं तर सगळं पत्र लिहिलं. इथवर मी थट्टेत लिहीत आलो, पण मला झोप लागत नाहीये. तुझी नात टेस, आई दारात आली रे आली की पेपरमिंटच्या गोळ्यांसाठी धावत येऊन तिच्या पर्समध्ये हात घालते. बुधवारी तिला दाराशी येऊ देऊ नकोस. आधी तू ये.