फक्त स्वच्छ नळ्या

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. मी तुम्हाला चोर वाटले होते की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

दुष्काळाचं साल होतं. विद्यापीठातल्या आपल्या प्रयोगशाळेत नळ कोरडे पडले होते. टँकरचं पाणी पिंपात भरायचं, त्यात कूलरचा पंप सोडायचा आणि तेच पाणी कंडेन्सरमधून दिवसभर फिरवायचं. मी पाचोडची, तुमच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. काम असं, की इंडोल नावाच्या रेणूच्या सांगाड्यावर फ्लोरिन बसवायचा आणि तयार होणारे रेणू शक्यतो एकाच बाजूचे काढायचे. हे रेणू डाव्या-उजव्या चपलांसारखे असतात. एरवी दोन्ही सारखेच तयार होतात, औषधाला मात्र बहुधा एकाच पायातली चालते. ती निवड करायची उत्प्रेरकानं. चिमूटभरच वस्तू ती, पण आम्ही सगळे तिच्या मेहेरबानीवर.

एके दिवशी माझा नमुना डावे-उजवे मोजणाऱ्या मशीनमध्ये घातला आणि जवळजवळ सगळा उजवाच निघाला. कागद घेऊन मी धावतच तुमच्या केबिनमध्ये आले. तुम्ही तो उजेडाकडे धरलात, नोट खोटी आहे का बघावं तसा.

"एवढं चांगलं येत नसतं," तुम्ही म्हणालात. "विकतचा नमुना तर नाय ना मिसळला?"

"नाय सर, माझाच आहे."

"मग माझ्यासमोर कर. असलं पाचोडच्या बाजारात खपंल, इथं नाय."

ते मला झोंबलं, सर. गावाला मध्ये आणायचं काय कारण होतं? दुसऱ्या खेपेला तुम्ही स्टूल ओढून शेजारीच बसलात. माल शुद्ध करायला मी सिलिकाची पूड भरलेल्या कॉलममधून मिश्रण सोडते आहे, खाली एकेक नळी भरते आहे आणि तुम्ही प्रत्येक नळीवर नजर ठेवून आहात. शेवटी माल उतरलेल्या सगळ्या नळ्या मी एकत्र केल्या, पिवळट झाक होती त्यासुद्धा. निवडून घेतल्या, असं म्हणायला जागा नको. उजव्यांचा आकडा धाडकन खाली आला. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि उठून गेलात. मीही काही कमी संशयी नव्हते. मशीनवर जाईपर्यंत नमुन्याची बाटली तुमच्या कपाटात कुलपात असायची. तुम्हीच अदलाबदल केली नसेल कशावरून, असंही मनात येऊन गेलं. प्रबंधात खालचाच आकडा गेला. तुम्ही सही केलीत, माझ्याकडे न बघता.

पुढे मी चिकलठाण्याला एका औषध कंपनीत लागले. जालना रोडला शेतं गेली, इमारती आल्या, टँकर मात्र तेच राहिले. तिथं अशाच एका फ्लोरिनवाल्या मालाचा आकडा एकदा वर, एकदा खाली येऊ लागला. या वेळी मी प्रत्येक नळी वेगळी तपासली. पहिल्या नळ्या जवळजवळ पूर्ण उजव्या, शेवटच्या निम्म्या-निम्म्या! काही फ्लोरिनवाल्या रेणूंची ही खोड असते. साध्या सिलिकातून उतरतानाही डावे-उजवे आपसात जोड्या जमवतात आणि जास्तीचे उजवे आधी पुढं निघून जातात. तेव्हा विद्यापीठात पहिल्या खेपेला मी आपल्या शिरस्त्याप्रमाणे सुरुवातीच्या स्वच्छ नळ्याच ठेवल्या होत्या, झाक आलेल्या टाकून दिल्या होत्या. म्हणजे आकडा फसवा होता, मी नव्हते.

हे ऐकायला तुम्ही नाही, म्हणून गेल्या रविवारी तुमच्या घरी गेले. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं.

"तुझ्यावर संशय? नाय गं पोरी," त्या म्हणाल्या. "त्यांचा त्या मशीनवरच भरवसा नव्हता. तुझं तर लई कौतुक करायचे."

"कधी करायचे? काय म्हणायचे?" मी लगेच विचारलं.

त्या जराशा गोंधळल्या. "चहा घे आधी, गार व्हायलाय."

बाई सगळ्यांबद्दल चांगलंच बोलतात, उशिरा येणाऱ्या टँकरवाल्याबद्दलसुद्धा. हे पत्र तुमच्या फोटोपाशी ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण नेणार नाही. त्या वाचतील आणि त्यांना वाईट वाटेल. त्यांचं बोलणं मला खरं वाटलं नाही, सर. तरी तेवढंच पुन्हा एकदा ऐकायला मी येत्या रविवारी परत जाणार आहे.