लिफ्टपाशी सांगितलेली बातमी

ता. ४
ती. ताईस,
शि. सा. न.
आधी सगळं वाच, मग शिव्या दे. तुझ्या वर्गात मी माती खाल्लीय.

तू गावोगाव डॉक्टरांना वाईट बातमी नीट सांगायला शिकवत फिरतेस, आणि इथल्या वर्गात मी खोटा नातेवाईक होऊन रडतो. काल समोर कोण बसावा? तोच! बाबा गेले तेव्हा फोन कानाला लावून, लिफ्टचं बटण दाबता दाबता आईला ‘आटोपलं, खाली सही करा’ म्हणणारा डॉक्टर. काल मात्र खुर्ची ओढून बसला, पाणी दिलं, थांबत थांबत बोलला. तुझ्या मदतनीस बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. मला ओळखलंसुद्धा नाही गं! डोकंच सटकलं.

सुट्टीत तो लिफ्टपाशी उभा होता. मी मोबाइल कानाला लावला आणि जाता जाता म्हटलं, तुमची गाडी आटोपली, खाली सही करा. पठ्ठ्या जिन्याने धावत सुटला! गाडी धडधाकट. वर येऊन माझ्यावरच खेकसला, असं सांगतात का कुणाला!

लोभ असेल तेवढा राहू दे.
तुझा,
वांड्या

ता. ९
चि. वांड्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक सणसणीत चपराक.
अरे गाढवा, तो माणूस वर्गात यावा म्हणून मी वरच्यांचे किती पाय धरले! आता त्यानं तक्रार केली की वर्ग बंद. बाकीच्या डॉक्टरांना तेच हवंय. मग पुढच्या बायकांनाही लिफ्टपाशीच कळेल. तुला एकट्यालाच राग येतो का रे? बाबा गेले तेव्हा मी रस्त्यात होते. निदान हा डॉक्टर त्यांच्या उशाशी होता, एवढ्याच आधारावर दिवस काढतेय. उद्याच जा, माफी माग. दात न काढता.

तूर्त लोभ आखडता घेतलेली,
ताई

ता. १७
ती. ताईस,
शि. सा. न.
गेलो. दात काढले नाहीत. माफी मागितली, का केलं तेही सांगितलं. त्याला बाबा आठवेचनात! गाडीवरचा ओरखडा न् ओरखडा आठवत असेल. मग मीही ऐकवलं, तक्रार खुशाल करा, पण आधी घरी येऊन आईला नीट सांगा.

आला, ताई. बाबांचे कागद वाचून आला होता. फोन बंद केला, स्टुलावर बसला. आईनं एवढंच विचारलं, शेवटी त्यांनी काही मागितलं का? तुझ्या वर्गातलं एकही गुळगुळीत वाक्य त्यानं काढलं नाही. तिच्याकडे बघून म्हणाला, मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. कुणीच नव्हतं. नर्स आली तेव्हा ते गेलेले होते. चुकलं माझं.

मला वाटलं आता आई कोसळते. ती उठली, दार उघडलं आणि म्हणाली, हे त्याच दिवशी सांगायचं होतं. या आता.

तक्रार तो करणार नाही. वर्ग चालू राहील. माझी तळपायाची आग मात्र अजून मस्तकात आहे.

हे तुला सांगायचं नाही अशी आईनं शपथ घातली होती, आणि मी ती मोडली. तुझ्यासमोर खोटा नातेवाईक होणं नाही जमलं गं. पण तुला कळलंय हे आईला कळू देऊ नकोस. पाया पडतो ताई, कुणालाच सांगू नकोस.

तुझा,
वांड्या