तालमीचा रेडिओ आणि मालन वस्ताद

प्रिय मालन,

आज गडहिंग्लजच्या गाडीत तिकिटं फाडत होतो. मागच्या बाकावर एक जुना पैलवान होता, आता पोट सुटलेला. मला ओळखून तो शेजारच्याला म्हणाला, "ह्या कंडक्टर मास्तरांच्या मंडळींनी आमच्या तालमीचा रेडिओ दुरुस्त केलता." शेजारच्याला खरं वाटेना. मग मीच सगळं सांगत उभा राहिलो, आणि बोलता बोलता एका थांब्यावर घंटी मारायची राहिली. घरी आलो तरी सांगायचं सरेना. म्हणून तुला लिहितोय.

तुला आठवतं ना? तालमीचा एक गडी दिल्लीला कुस्तीला गेला होता. रेडिओवर संध्याकाळी त्या कुस्तीचं वर्णन होणार होतं, आणि नेमका आदल्या दिवशी तालमीतला जुना काचेच्या व्हॉल्व्हचा सेट मुका झाला. वस्ताद स्वतः तो उचलून तुझ्या दुकानात आले. तुझ्या वडिलांनी तुला रेडिओ दुरुस्तीचं काम शिकवलं होतं आणि त्यांच्या माघारी तू दुकान चालवत होतीस, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

मागचा पुठ्ठा काढलास तर आत तांबडी माती! आखाड्यातली, तेलातुपात कालवलेली, सगळीकडं लिंपल्यासारखी. मी फुंकर मारून बोटानं माती काढायला गेलो, तर तू माझं मनगट धरलंस. सेट बंद केला, वायर काढली, तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज दडून राहते म्हणालीस. आधी ती बेतानं उतरवलीस. चुकून वीज लागलीच तर छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीशी धरून एका हातानं काम करत होतीस, आणि दारातले पैलवान हसत होते.

पाण्याचा थेंब लावला नाहीस. मऊ ब्रशनं माती झाडलीस, एकेक व्हॉल्व्ह हळूच उपसून कोरड्या फडक्यानं पुसलास, त्यावरची अक्षरं जाऊ नयेत म्हणून किती जपत होतीस! खालच्या पिना तेवढ्या स्पिरिटनं साफ केल्यास.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्ताद आले. "जरा लावून तर बघा की, वैनी."

"आज न्हाय," तू म्हणालीस. "अजून खालची बाजू बघायची हाय. कुणाला शॉक लागला तर त्याच्या आईला मी काय सांगू?"

ते माघारी गेले. चहाच्या गाड्यावरच्या ट्रान्झिस्टरवर सगळ्यांनी कुस्ती ऐकली. आपला गडी जिंकला, गुलाल उधळला, मिरवणूक दुकानावरून गेली. आत कुणी डोकावलं नाही. मला राग आला होता. तुला नव्हता आला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तू सेट उलटा केलास आणि मला वस्तादांना बोलवायला पाठवलंस. आतल्या वायरीच्या रबराचा भुगा झाला होता आणि उघडी तार लोखंडी सांगाड्याला टेकली होती. तालमीत सगळे अनवाणी, घामानं निथळलेले, खाली ओली माती. वस्तादांनी सेटकडं नेलेला हात मागं घेतला.

वायर बदललीस, कंडेन्सर बदललास, मग विजेच्या वायरीत मध्ये एक बल्ब जोडून सेट चालू केलास. बल्ब भगभगला तर आत अजून खोट आहे, हे तू मला तेव्हा समजावलंस. बल्ब मंदच राहिला. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, आणि आवाज असा खणखणीत आला की मला वस्तादांसमोर डोळे पुसावे लागले.

सेट पोचवायला आपण दोघं गेलो. बायका तालमीत जात नाहीत, म्हणून वस्ताद सगळ्यांना घेऊन दारात आले. म्हणाले, "ह्यास्नी आजपासनं वैनी म्हणायचं न्हाय. वस्ताद म्हणायचं."

घरी येऊन मी विचारलं, कसं वाटलं? तू म्हणालीस, भाकरी टाकायच्यात. एवढंच? मला तर गावभर सांगत फिरायचं होतं! तू कधी सांगू दिलं नाहीस, मालन. ते बरं नाही केलंस.

तू हे जग सोडून गेल्यापासून दुकानात शेजारची सुलताना बसते. तू शिकवलेलं सगळं तिच्या हातात आहे, पण गिऱ्हाइकं तिला घाई करतात. माझी नोकरी संपत आली. संपली की रोज दुकानाच्या पायरीवर बसेन, आणि तिचं काम पुरं होईपर्यंत एकालाही आत सोडणार नाही. हा माझा शब्द.

तुझाच,
दत्तू