बिजासन घाटाची तीन वळणं

बाबा, मी हल्ली ट्रक चालवते. कॉम्प्युटरवर. टेबलाला स्टिअरिंग आवळून बसवलंय, पायाशी ब्रेक आहे, आणि पन्नाशीची बाई इंदूरला सुदामा नगरच्या फ्लॅटमध्ये बसून गिअर टाकते म्हणून शेजारी हसतात. हसू देत. मला राग येतो तो नकाशाचा. कोणीतरी हौसेने आपला मुंबई-इंदूर रस्ता या खेळात घातलाय, पण इतका आखडून की धुळ्याला चहाचा कप तोंडाला लावावा तर शिरपूर मागे पडलेलं असतं. नर्मदेचा पूल सुरू होतो न होतो तोच संपतो. काचेवरची धूळ हुबेहूब, वायपरची कुरकुर हुबेहूब, आणि बिजासन घाट? तीन वळणं. तिसरं वळण घेतलं की समोर सेंधवा. डोकंच फिरलं माझं. ज्याने हा नकाशा केला तो इथेच भंवरकुआंला कोचिंग क्लास करणारा एक मराठी मुलगा निघाला. त्याला फोन करून विचारलं, बाकीचा घाट कुठे गेला? "दीदी, पूरा घाट टाकला ना, तो लोग बोर होतील." मी म्हटलं, मग निदान जाम तरी टाक. तो हसायलाच लागला. "जाममध्ये खडे रहने के लिए कोण गेम खेळतं, दीदी?"

त्याला काय सांगणार? मिल चालू होती तोवर तुमचा रस्ता या नकाशाहूनही लहान होता. मिलच्या लॉरीत कापडाच्या गाठी भरायच्या, मालधक्क्यावर उतरवायच्या, भोंगा झाला की घरी. मग मिल बंद पडली, तुम्ही ट्रान्सपोर्टच्या गाडीवर मुंबईच्या खेपा मारायला लागलात, आणि आमच्या घरी दिवाळी तुम्ही आल्यावर सुरू व्हायला लागली. एका वर्षीची अजून दिसते. आई उटणं कालवून ठेवते, ते वाळतं, ती पुन्हा पाणी घालते. गल्लीतले फटाके संपतात, भाऊबीजही होऊन जाते. आणि मग भर दुपारी तुम्ही दारात, डोळे लाल. आई विचारते, "एवढं झालं तरी काय?"

"काय होणार. घाटात जाम था."

बस. मी पाटाभोवती घुटमळत विचारत राहते, जाममध्ये काय खाल्लं, कुठे झोपलात, भीती वाटली का? "बहोत सवाल करते ये लडकी. जा, गरम पाणी आण." पाणी घेऊन आले तर तुम्ही अंगाला उटणं तसंच ठेवून पाटावर बसल्या बसल्या झोपलेले.

तेव्हा खरं सांगायचं तर रस्ता आखडण्यात तुमचा हात कोणी धरला नसता. त्या पोराने निदान तीन वळणं तरी ठेवली. तुम्ही अख्खी दिवाळी एका जाममध्ये गुंडाळलीत. बाकी प्रत्येक खेपेचं उत्तर एकच, गेलो आणि आलो. पुढे तुम्ही गेलात तेही घरच्या खाटेवर, रस्त्याने तुमचं काही वाकडं केलं नाही, पण तुमची ती सगळी वर्षं त्याने ठेवून घेतली आणि मला ती कुठेही सापडत नाहीत. याचा मला अजून राग येतो, बाबा. तुमचासुद्धा.

काल मीच घाटात गाडी उभी केली. इंजिन बंद केलं आणि जाम लागलाय असं धरून बसले. मागून कोणी हॉर्न दिला नाही, पुढे कोणी उतरून शिव्या दिल्या नाहीत. थोड्याच वेळात मला कंटाळा आला. पोराचं बरोबर होतं, त्याचीही चीड आली.

हे पत्र कुठे टाकायचं, मला ठाऊक नाही. फक्त एक सांगते, हसू नका. या खेळात माल कुठे भरायचा आणि कुठे उतरवायचा ते आपणच ठरवायचं असतं. इंदूरहून मी आजवर एकदाही गाडी काढलेली नाही. दर वेळी मुंबईला भरते आणि घरी आणते.