फ्रीजरचा मागचा कोपरा

१ जुलै, सोमवार
नवी डायरी. पीएचडीचं हे सहावं आणि शेवटचं वर्ष, ठरलं. माझ्या आणि तेजलच्या फ्लास्कमध्ये एकच माल आहे: टंगस्टन आणि कार्बन, मध्ये तिहेरी बंध. पण आपण नुसतं म्हटलं म्हणून कोण मानतंय? स्फटिक पडले की एक्स-रे, एक्स-रे झाला की पेपर. सर म्हणाले, ज्याचे स्फटिक आधी त्याचं नाव पहिलं. पहिलं नाव नसेल तर माझा थीसिस पुन्हा लटकला. तेजल दुसऱ्या वर्षाची पोरगी. मला तिचा हेवा वगैरे अजिबात वाटत नाही.

२ जुलै
फ्लास्क फ्रीजरमधून काढून उजेडात धरला. नुसतं नारिंगी सरबत. तेजल म्हणाली, महेंद्रदादा, सारखं बाहेर काढू नका, गरम झालं की आलेलं पण विरघळतं. काल आली आणि मला शिकवते!
संकल्प: आठवडाभर बघायचं नाही.

३ जुलै, सकाळी १०
बघितलं. एकदाच.

संध्याकाळी ५
एकूण पाच.

५ जुलै
स्फटिक न पडण्याचं कारण कळलं. माझा फ्लास्क दारापाशी, तिचा मागच्या कोपऱ्यात. सरांची लाडकी ना! शिवाय तिच्या फ्लास्कमधला रंग जास्त गडद आहे. रोहिणी म्हणाली, जेवताना तेजलचं नाव अकरा वेळा घेतलंस. बायको मोजत बसते, कमाल आहे.

८ जुलै
तोड सापडली! तेजलला म्हटलं, फ्लास्क बदलू, सायन्समध्ये असं करतात. (करत नाहीत.) ती म्हणाली, चालेल, मला काय. भोळी बिचारी. नंतर पलटायला नको म्हणून कागदच केला: 'आजपासून ज्याच्याकडे जो फ्लास्क, त्यातल्या स्फटिकांवर त्याचंच नाव. परत मागू नये.' अक्षर माझं, सह्या दोघांच्या, साक्षीदार सर. सर का हसत होते कळलं नाही.

९ जुलै
तेजल वांगणीला गेली. घरची भातलावणी, दहा दिवस रजा. जाताना माझा जुना फ्लास्क मागे कोपऱ्यात ढकलून गेली. रिसर्च सोडून चिखलात! मी मात्र रोज खरवईहून उल्हासनगरच्या लॅबला, सुट्टी नाही. तिचा, म्हणजे आता माझा, फ्लास्क चार वेळा पाहिला.

१३ जुलै
तळाशी चमकलं! बाहेर काढून चष्मा पुसेपर्यंत गायब. फ्रीजरच खराब आहे. तरी लॅबमध्ये जाहीर करून टाकलं, स्फटिक आले की दाल-पकवान माझ्याकडून.

१९ जुलै
तेजल आली. नखांत अजून चिखल. कोपऱ्यातला फ्लास्क काढला तर तळाला खडीसाखरेसारखे नारिंगी स्फटिक. दहा दिवस कोणी हात लावला नव्हता म्हणे. मी ओरडलो, तो माझा आहे! सरांनी ड्रॉवरमधून कागद काढून मलाच मोठ्याने वाचायला लावला. एकही खाडाखोड नाही.
दाल-पकवानच्या बारा प्लेटी गेल्या. तेजलने दोन खाल्ल्या. म्हणाली, दादा, वाईट वाटून घेऊ नका, पेपरच्या शेवटी आभार असतात ना, त्यात तुमचं नाव पहिलं टाकते.
रोहिणीला फोन करून सांगितलं, पहिलं नाव आलं.