शेवटच्या ओवरीतली हाक

खर्डा, ता. जामखेड
५ फेब्रुवारी २०२४

ती. सत्यशीला आत्यास,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं बारीक दिसत नाही, म्हणून तुझी भाची या वयात पोस्टाची तिकिटं चाटायला शिकली आहे.

इथे दोन कामं आहेत. गावाबाहेरची जुनी दगडी धर्मशाळा दुरुस्त करायची आणि तिच्या मागच्या शेतात पुष्पावतीचं घर बांधायचं. पुष्पावती माझ्याच वयाची. तिचा नवरा रामहरी सुप्याला कंपनीत होता. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. घर धाब्याचं, मातीच्या विटांचं करतेय. नकाशा काढताना तिचं एकच मागणं होतं, की चुलीसमोरची खिडकी धर्मशाळेकडे उघडली पाहिजे.

धर्मशाळेच्या शेवटच्या कमानदार ओवरीत मात्र गवंडी पाय ठेवत नाहीत. भर दुपारी तिथून हाक येते म्हणतात, आणि ज्याला त्याला आपल्याच गेलेल्या माणसाची. गावातल्या बाया तिथून जाताना कुणालाही ओ देत नाहीत. मी सगळ्यांना समजावलं, की भिंतीच्या पोटातली भर पाण्याबरोबर वाहून गेली, भिंत पोकळ झाली, म्हणून वारा घुमतो. गवंड्यांचे म्होरके हैदर मिस्त्री, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, वाऱ्याला माझं घरातलं नाव कुणी सांगितलं? ते फक्त अम्मी घ्यायची.

तुझ्या मायेची भुकेली,
ज्ञानेश्वरी


श्रीरामपूर
१२ फेब्रुवारी २०२४

चि. ज्ञानेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर बघून वाटलं, तू पत्रसुद्धा पट्टी धरूनच लिहितेस. जेवणाचा मात्र एक शब्द नाही. चिवड्याचा डबा पाठवते आहे. तो गवंड्यांना वाटून मोकळी होऊ नकोस.

हाकेचं मला भय नाही, इतकी वर्षं मला कुणाचीच येत नाही. पण पोकळ भिंतीचं आहे. तिच्यावरच्या कमानीचं काय? आणि एक विचारते. इतरांना काय ऐकू आलं ते सगळं लिहिलंस, स्वतःचं गाळलंस. तुझे बाबाही असेच नेमकं तेवढं गाळायचे. दादा जाऊन पाच वर्षं झाली, तरी त्याची ही खोड तुझ्यात जिवंत आहे.

कान गेले तरी डोळे वाटेकडे लावून बसलेली,
आत्या


खर्डा
२० फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चिवडा संपला, अर्धा गवंड्यांनीच खाल्ला.

हो, मलाही हाक आली. ती कुणाची, ते तुला कळलंच असेल. मी ओ दिली नाही.

कमानीबद्दल तू बरोबर होतीस. मधला दगड खाली सरकला आहे. टेकू दिलेत, पण भिंतीच्या पोटात चुन्याचा पातळ घोळ ओतून ती भरीव केल्याशिवाय कमान टिकायची नाही. आणि इथेच घोडं अडलंय. पुष्पावती रोज दुपारी भाकरी बांधून त्या ओवरीत जाऊन बसते. भाकऱ्या दोघांपुरत्या असतात. भिंत भरायची म्हटल्यावर तिनं माझे पाय धरले. म्हणाली, मालक हायेत तितं, पुष्पे म्हनून हाक मारत्यात, तुमी त्यांचं त्वांड बुजवू नका. आता मला खिडकीचं कारण कळलं.

सरकारी परवानगी हातात आहे, चुना भिजलेला आहे, आणि माझा हात धजत नाही. तू ये. मोठ्या माणसाचं ती ऐकेल.

तुझ्या वाटेवर उभी,
ज्ञानेश्वरी


खर्डा
४ मार्च २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस ना? माझ्या बोलावण्यावरून आलीस, पण कमान ढासळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळची एसटी धरलीस आणि निघेपर्यंत त्या दुपारबद्दल अवाक्षर काढलं नाहीस.

आम्ही बाहेर होतो, तिथलं मी सांगते. कमानीतून चुन्याची माती गळायला लागली, तेव्हा पुष्पावती आत होती. आम्ही सगळे धावलो आणि ओवरीच्या तोंडाशी थबकलो. हैदर मिस्त्री कानांवर हात दाबून खाली बसले. मला बाबांचा आवाज आला, अगदी जवळून, कानाशी. ज्ञानू, थांब. आत्या, पुढे जायचं ठरवत होते आणि जाता येत नव्हतं. तेवढ्यात तू आम्हाला बाजूला सारून आत गेलीस. तिला घेऊन बाहेर आलीस आणि पाठोपाठ दगड कोसळला, नेमका ती बसायची तिथे.

पुष्पावती तेव्हापासून बोलत नाही, फक्त उजवा हात चोळत बसते. आत काय झालं?

काळजीत असलेली,
ज्ञानेश्वरी


श्रीरामपूर
११ मार्च २०२४

चि. ज्ञानेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

तुला सांगायला शब्द जुळवत होते.

मला काही ऐकू आलं नाही. दादानं मलाही हाक मारली असेल, तर ती मला कधी कळायची नाही. आत पुष्पावती भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ हलायचे, थांबायचे, मग ती हसायची. समोरच्याचं ऐकून माणूस हसतं, तशी. मी तिचा डावा हात धरून ओढला. ती उठली, पण पुढे येईना. तिचा उजवा हात भिंतीकडे ताठ ताणलेला होता, बोटं मिटलेली. भिंतीला काही अडकलं नव्हतं, मी नीट पाहिलं. पण ज्ञानू, मी जितकं ओढत होते, तितकंच कुणी पलीकडून धरून होतं. वरून माती पडत होती. पुष्पावती वर बघून काहीतरी बोलली. मग तिचा तो हात एकदम सैल पडला. मी मागच्या मागे पडणार होते.

ती सुटली नाही. तिला सोडलं. हा फरक माझ्या हाताला कळला.

हे तिला वाचून दाखव.

तुझीच,
आत्या


खर्डा
१८ मार्च २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. ती खूप रडली. मग सांगितलं, की वर बघून ती म्हणाली होती, दगूड पडतुया, आता मी काय करू?

काल ती आपणहून धर्मशाळेत आली. आम्ही नवे टेकू देऊन भिंतीला चुना ओतायची भोकं पाडून ठेवली होती. तिनं सगळ्यांना थांबवलं आणि एका भोकाशी तोंड नेलं. नवऱ्याचं नाव तिनं उखाण्यापलीकडे उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. ते तिनं मोठ्यानं घेतलं. रामहरी.

आतून काहीच आलं नाही. भिंत अजून पोकळच होती, तरी साधा घुमारासुद्धा नाही.

ती बाजूला झाली, पदरानं तोंड पुसलं आणि हैदर मिस्त्रींना म्हणाली, भरा आता.

तुझ्या आशीर्वादातली,
ज्ञानेश्वरी